चाळीस शेळ्या आणि मंजुळा झाडपालेवाली

शिरूर, रविवार, २२ जून

रॉनी,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस म्हणून हे पत्र. पोस्टातून पत्र ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. फाडून टाकायचं असेल तर टाक, पण आधी वाच, कारण आज जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शेळ्यांचं काय बोलत्येस? आपल्याकडे कुठे शेळ्या?"

आपला फाशांचा गोष्टीचा खेळ पुन्हा सुरू झाला, ज्याचं त्याचं पात्र आणि गोष्ट पुढे नेणारा सूत्रधार! चर्चमधली भक्ती सुटली की दुपारी, तीच संडे स्कूलची खोली, तीच डुगडुगणारी बाकं. तू दौंडला गेल्यावर सूत्रधार कोण होणार यावर सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले, म्हणून मी झाले. तुझी नियमांची वही आणि वीस तोंडांचा फासा माझ्याकडेच राहिलाय. सार्थकच्या हौसराव काकांकडच्या लग्नपत्रिकेचा तो मोठा पुठ्ठाही आहे, गणपतीचं चित्र खेळाडूंकडे आणि सूत्रधार फाशासकट त्याच्या मागे. तुझ्या जागी बसून कळलं की पुठ्ठ्यामागे किती घाम येतो.

तर ऐक. गोष्टीत सगळे थडग्याच्या दाराशी पोचले. आत सापळे आहेत हे त्यांना माहीत. मला वाटलं, आता विचार करतील, दोऱ्या काढतील, भिंती ठोकून बघतील. सार्थकने वही उघडली, गावच्या बाजाराचं पान काढलं आणि म्हणाला, "माझा भैरू पैलवान चाळीस शेळ्या इकत घेतो."

मी म्हटलं, "कशाला?"

"म्होरं सोडायच्या. सापळ्यात शेळी पडंल, पैलवान न्हाई पडायचा."

"असं नाही करता येत."

"नियमात कुठं लिवलंय? दाखव."

रॉनी, वहीत कुठेच नाही. एकशे बारा पानं लिहिलीस, घोड्यांना तीन पानं दिलीस, शेळीचं नावसुद्धा नाही. त्यावर हा पठ्ठ्या म्हणतो की वहीप्रमाणे प्रत्येक जिवाला एक टर्न, शेळी हा जीव आहे, तेव्हा चाळीस शेळ्यांना चाळीस टर्न. हर्षदा नेहमीसारखी गप्प बसून सगळं लिहून घेत होती. आणि आमची धाकटी जस्मिन, तेराव्या वर्षी बहिणाबाईंना आणखी काय सुचणार, तेवढ्यात दुकानदाराचं गल्ल्याचं डबडं पळवून मोकळी झाली.

तू असतास तर काय केलं असतंस? एवढंच कळव. बाकी एप्रिलमधलं राहू दे. ते झालं ते झालं.

मावशीला सलाम.

दबोरा

ता. क. शेळ्या घेऊन परत थडग्याकडे जाताना पुलावर भैरू मरायला टेकला होता. मंजुळाने पाला लावून वाचवला. मी सूत्रधार असले तरी माझं पात्र, मंजुळा, अजून टोळीबरोबर चालतं. तुला सांगून ठेवते.


शिरूर, ६ जुलै

रॉनी,

उत्तर नाही. ठीक. मीही तुझ्याच रक्ताची मावसबहीण आहे, लिहीतच राहणार.

शेळ्यांचा तिढा मी सोडवला, असं मला आठवडाभर वाटत होतं! मी म्हटलं, भांडता कशाला, मत घेऊ. आपल्याकडे लहान पोरालाही ग्रामसभा कळते. ज्याला नियम बदलायचाय त्याने ठराव मांडायचा, एक सूचक, एक अनुमोदक, हात वर. हर्षदाने इतिवृत्ताची वेगळी वही घातली, समास आखून. काय खूश होते मी! वाटलं, रॉनीला जे वर्षभरात जमलं नाही ते मी एका दुपारीत केलं.

विसरले की सार्थक पोपटराव आबांचा नातू आहे. त्यांच्या घरात पोरगं चालायला लागायच्या आधी निवडणुकीचं पॅनेल उभं करतं.

आज तो निमोण्याहून अर्धा तास आधी आला. जस्मिनला कोपऱ्यावर नेऊन भेळ खाऊ घातली. हर्षदाला, म्हणजे जी तळेगावहून उभ्याने एसटीतून येते तिला, त्याने खिडकीजवळची पंख्याखालची जागा दिली. मग बसला आणि ठराव मांडला, शेळ्यांना टर्न मिळावा. सूचक सार्थक, अनुमोदक जस्मिन. तीन विरुद्ध एक. मी एक.

रॉनी, आम्ही चाळीस शेळ्यांचे फासे टाकले! पहिल्या शेळीपासून चाळिसाव्यापर्यंत! जस्मिनने प्रत्येकीचं बारसं केलं. एकविसावी शेळी, तिचं नाव शेवंता, तिला वीस पडले आणि तिने एकटीने दगडी राक्षस पाडला. सगळे बाकांवर उभे राहून ओरडत होते, पाळकसाहेब खिडकीतून डोकावून "काय झालं, कुणी पडलं का?" विचारून गेले. मीही ओरडत होते, खोटं कशाला सांगू. असं हसू एप्रिलनंतर पहिल्यांदा आलं.

पण त्यांना ठरावांची चटक लागली. दुसरा ठराव, जस्मिनने चोरलेलं परत मागायचं नाही. तिसरा ठराव, यापुढे कुणाचंही पात्र मरणार नाही. तोही मंजूर. आणि त्याच्या पुढच्या क्षणापासून, काय सांगू, खेळातला जीवच गेला. थडग्यात आग लागली तरी भैरू आगीत मांडी घालून बसला. "मरत न्हाई ना आपण? मग बसू की." जस्मिन जांभया देत होती.

कोणतं पान बघू? सांग ना रे. तू नसशील आमच्यात, पण नियम तर तुझेच आहेत.

आणि तू गप्प आहेस ते त्या फाशावरूनच असणार, तर त्याबद्दल एकदाच लिहिते. पुठ्ठा उचलल्यावर सगळ्यांनी चार बघितले. जे सगळ्यांना दिसलं तेच मला दिसलं. यापेक्षा जास्त माझ्याकडे लिहिण्यासारखं नाही.

दबोरा


शिरूर, २० जुलै

रॉनी! रॉनी! रॉनी!

तुझं कार्ड आलं! पोस्टमनकाकांच्या हातातून मी ते असं ओढलं की ते म्हणाले, "नोकरीचा कॉल आला का काय?" त्याहून मोठं, म्हटलं.

नाव नाही, सलाम नाही, "दबोरा" एवढंसुद्धा नाही. दोनच ओळी. "कळपाला मिळून एक टर्न. मरणावर मत घेता येत नाही, पान ४१." तुझं अक्षर बघून मला एवढा आनंद झाला की मी ते कार्ड दिवसभर ओढणीत खोचून फिरले. मला माहीत होतं. तू माझ्याशी कट्टी धरशील, पण चुकीचा नियम चाललेला तुला सहन व्हायचा नाही.

पान ४१ काढलं. लाल पेनाने तूच लिहिलंयस, "मरणफासा सूत्रधार टाकेल. दहाच्या वर पडले तर पात्र मेलं. यावर वाद, विनंती, मतदान चालणार नाही." वर्षभर त्या पानापर्यंत जायची वेळच आली नव्हती. आली ती एकदाच, माझ्या मंजुळावर.

मी उभी राहून कार्ड वाचून दाखवलं. मला वाटलं सार्थक आता आकाशपाताळ एक करणार. त्याने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, पोस्टाचा शिक्का बघितला. म्हणाला, "दौंडचाच हाय." मग तिसरा ठराव त्याने स्वतःच मागे घेतला! हे पोरगं भांडतं खूप, पण नियम लिहिलेला दाखवला की मान तुकवतं. हे तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं.

आणि खेळ पुन्हा पेटला. पुन्हा मरणाची भीती, पुन्हा दोऱ्या, पुन्हा भिंती ठोकणं. कळप एका टर्नमध्ये पळाला आणि नऊ शेळ्या दरीत गेल्या. जस्मिन शेवंतासाठी खरीखुरी रडली. (शेवंता वाचली.)

इथपर्यंत लिहून थांबणार होते.

शेवटी मी पुठ्ठ्यामागे फासा टाकला आणि म्हणाले, "अठरा. भैरूचा पाय मोडला." खरंच अठरा होते. सार्थक हसत म्हणाला, "खरं सांग बरं का, रॉनीवानी खोटं नको सांगू." बाकी काही नाही, सहज म्हणाला. जस्मिन फिदीफिदी हसली.

मला काय झालं कळलं नाही. मी पुठ्ठा खाली आपटला आणि ओरडले की पुन्हा रॉनीचं नाव काढलं तर खेळ बंद. आणि खेळ बंदच केला. हर्षदाने इतिवृत्तात लिहिलंय, "सूत्रधार रागावल्या. कारण समजले नाही."

दबोरा


शिरूर, मंगळवार, २९ जुलै

रॉनी,

काल रात्री मावशीचा फोन आला होता. आई स्पीकरवर बोलते, तुला माहीत आहे. मावशी म्हणाली, रेल्वे कॉलनीतली तीन-चार पोरं तुझ्या मागे लागली होती, आम्हालाही तो फाशांचा खेळ शिकव म्हणून. तू त्यांना म्हणालास, "मला नका विचारू, मी खोटे फासे सांगतो." मावशी हसून सांगत होती, पोरगं काय बोलेल नेम नाही म्हणून. मी भाकरी तव्यावर करपवली.

आता लिहिते. पेन थांबवलं तर परत लिहायची नाही.

१३ एप्रिल, ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार. खोलीत सकाळच्या झावळ्या तशाच पडल्या होत्या. तू मंजुळाचा मरणफासा टाकलास आणि म्हणालास, सतरा. मला राग आला. वर्षभर तिला वाढवली होती, तिच्या झाडपाल्याच्या चाळीस नोंदी केल्या होत्या. मी उठले, "दाखव" म्हणाले आणि पुठ्ठा ओढला.

मी तुझ्या बाजूला होते. पुठ्ठा वर येताना मला आधी दिसलं. सतराच होते. मग पुठ्ठ्याची कड फाशाला लागली, फासा कलंडला आणि चार झाले. तोवर पुठ्ठा बाजूला झाला होता. बाकीच्यांनी बघितलं ते त्यानंतरचं.

तू म्हणालास, "तुझ्या पुठ्ठ्याने हलला." आणि माझ्याकडे बघितलंस. तू त्यांच्याकडे बघितलंच नाहीस, नुसतं माझ्याकडे. मी म्हणाले, "मला नाही माहीत."

मला माहीत होतं.

सार्थक तुला लबाड म्हणाला तेव्हाही गप्प बसले. तू वही, फासा सगळं टाकून गेलास तेव्हाही. मला वाटलं उद्या सांगेन. मग सुट्टी लागली, मग तुझ्या बाबांना दौंडला रेल्वेची क्वार्टर मिळाली, मग तू नव्हतासच. आणि मंजुळा जिवंत होती ना. रोज थोडी थोडी जास्त जिवंत होत गेली.

मला माफ कर असं लिहायला माझा हात धजत नाही. आधी रविवारी सगळ्यांसमोर सांगते. मग लिहीन.

दबोरा


शिरूर, ३ ऑगस्ट

प्रिय रॉनी,

सांगितलं. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

भक्तीत माझं एकाही शब्दाकडे लक्ष नव्हतं. खोलीत गेल्यावर मी पुठ्ठा मांडलाच नाही. सार्थक म्हणाला, "गणपती कुठं गेला?" मी म्हटलं, आज आधी ठराव आहे, माझा. हर्षदाने पेन उघडलं.

मी म्हणाले, "ठराव क्रमांक नऊ. १३ एप्रिलला फासा सतराच होता. तो माझ्या हातून हलला. मी बघितलं होतं. रॉनी खरं बोलला. सूचक दबोरा."

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होईना.

मग सार्थक. असा लाल झाला होता! "चार म्हैने? चार म्हैने तू आमाला येडं बनवलं? आन् मी त्या पोराला लबाड म्हनत फिरलो. निमोण्यात चार जणांना सांगितलं मी!"

मी म्हटलं, "हो."

"हो काय हो?"

"हो म्हणजे हो. चूक माझी आहे. मंजुळा आज काढून टाकते. ती १३ एप्रिललाच मेली."

मी तिचं पान वहीतून ओढून काढलं. फाडताना रडणार नाही असं ठरवलं होतं. नाही जमलं. जस्मिन येऊन मला चिकटली, आणि ती मला एरवी हातसुद्धा लावत नाही.

आता ऐक, इथे खरी गंमत झाली. सार्थक बोटं मोजायला लागला. त्याची ती सवय, ओठ हलतात. मग एकदम थांबला.

"थांब. मंजुळा एप्रिलात मेली, तर जूनमधी पुलावर भैरूला पाला कुणी लावला?"

रॉनी, शपथेवर सांगते, हे मला सुचलंच नव्हतं. मंजुळा नव्हती तर भैरू पुलावरच संपला! पहिल्या दिवसापासूनचा त्याचा पैलवान. त्याच्या मिशांचं चित्र त्याने कॉलेजच्या बेंचवर कोरलंय.

मी घाईघाईने म्हटलं, "त्याचं राहू दे. आपण ठराव करू, भैरू वाचला म्हणून. सगळे हात वर करतील."

जस्मिनने हात वर केलासुद्धा. हर्षदानेही.

सार्थकने त्यांच्याकडे बघितलं. सगळी मतं त्याच्या खिशात होती, भेळेशिवाय. आणि तो म्हणाला, "मरणावर मत घेता येत न्हाई. कार्डात आलंय. पान एक्केचाळीस." मग स्वतःच्या हाताने भैरूचं पान काढलं, घडी घातली, शर्टच्या खिशात ठेवलं. "ठराव नऊला अनुमोदक म्हणून माझं नाव लिही, हर्षदा." आणि नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत बसला.

मी वर्षभर या मुलाला भांडकुदळ समजत होते. आज त्याला एक कडक सलाम ठोकावासा वाटला. ठोकला नाही, डोक्यावर बसला असता.

परत आला तेव्हा जस्मिनने विचारलं, "मग भैरूच्या शेळ्या कुणाच्या?" झालं! दुःख गेलं उडत. भैरू जूनमध्ये मेला तर थडग्यात शेळ्या हाकल्या कुणी, हा एक वाद. त्या विकत घेतानाच तो जिवंत होता का, हा दुसरा. (होता. पूल नंतर आला. हर्षदाच्या वहीत वेळ आहे.) जस्मिन म्हणते, ज्याच्या हातात दोरी त्याच्या शेळ्या. सार्थक म्हणतो, "आसं न्हाई चालत, वारसनोंद लागंल." पाऊण तास भांडलो. निकाल नाही. निकाल देणारा दौंडला बसलाय.

आणि शेवटी हर्षदा बोलली! ती बोलते तेव्हा आपण सगळे दचकतो. म्हणाली, "ठराव धा. सूत्रधार बदलायचा. नाव, रॉनी. तो हितं न्हाई, पण गैरहजर मान्सालाबी निवडून देता येतं, आमच्या गावच्या सोसायटीत दिल्यालं हाय."

बिनविरोध. मी पण हात वर केला, सगळ्यात आधी.

मला काढून टाकलंय रॉनी, आणि मी इतकी खूश कधीच नव्हते. तू ये किंवा येऊ नकोस. पण शिरूरमध्ये, आणि निमोण्यातल्या त्या चार जणांतही (सार्थक आज संध्याकाळी घरोघर जाऊन सांगणार आहे), तुला आता कुणी लबाड म्हणत नाही. लबाड मी होते.

मला माफ कर.

दबोरा


शिरूर, सोमवार, ११ ऑगस्ट

प्रिय रॉनी,

तुझं कार्ड आज दुपारी आलं. मी पाच वेळा उलटसुलट केलं. पत्ता, शिक्का, आणि मागच्या बाजूला एवढंच: "पान ४१, खालचा अर्धा."

मला आधी रडूच आलं. एवढं लिहिलं मी, आणि तू पानाचा नंबर पाठवतोस! आई म्हणाली, "काय गं, काय लिहिलंय?" मी म्हटलं, काही नाही, नियम.

मग वही काढली. वरचा अर्धा लाल पेनाचा, तो पाठच झालाय. खालचं मी कधी वाचलंच नव्हतं, कारण आपल्यात कुणी मेलंच नव्हतं. खाली निळ्या पेनाने, बारीक अक्षरात, तू गेल्या वर्षीच लिहून ठेवलंयस:

"पात्र मेलं तरी खेळाडू बाहेर जात नाही. त्याने नवीन पात्र घ्यावं. त्याचा पहिला फासा सूत्रधाराच्या समोर, उघड्यावर टाकावा. फोनवर सांगितलेला चालणार नाही. सूत्रधाराने तो स्वतःच्या डोळ्यांनी बघावा."

मी किंचाळले, रॉनी. पोळपाट लाटणं सोडून आई धावत आली.

शुक्रवारी पंधरा ऑगस्ट. झेंडावंदन झालं की आम्ही चौघं शिरूरहून दौंडची एसटी पकडणार. सार्थक मोटरसायकलवर येतो म्हणत होता, लायसन नाही, म्हणून त्यालाही एसटीतच कोंबतेय. जस्मिन येताना शेळ्यांची यादी आणणार आहे, एकतीस उरल्यात, निकाल तुला द्यायचाय. हर्षदा दोन्ही वह्या आणेल. मावशीला सांग स्वयंपाक जास्त करू नको, सार्थक घरून धपाटी आणतोय, त्याच्या आईने तुझी माफी मागायला पाठवलीत असं तो म्हणतो. मला वाटतं माफी त्याचीच आहे, धपाटी फक्त आईची.

पत्र माझ्या आधी पोचलं तर बरं. शिरूरचं टपाल दौंडला कुठून फिरून येतं देव जाणे.

मला नवीन पात्र काढायचंय. नाव अजून ठरवलं नाही. झाडपाला नको आता, दुसरं काहीतरी. फासा मुठीत धरून आणते आणि तुझ्यासमोर टाकते. काय पडेल ते पडू दे, एक पडला तरी चालेल.

पुठ्ठा इथेच ठेवून येतेय. तू फक्त बघ.

तुझी,
दबोरा